'रुंद'साठीचे आद्य-केल्टिक विशेषण: *फ़्लितनोस् या रूपाचा उगम आणि विभक्तिरूपे

आद्य-केल्टिक म्हणजे आयरिश, वेल्श, ब्रेतॉन, गॉलिश या केल्टिक भाषांची सामाईक पूर्वज भाषा. पुढे तारांकित केलेले प्रत्येक रूप पुनर्रचित आहे, म्हणजे ते कोणत्याही शिलालेखात किंवा हस्तलिखितात सापडलेले नाही. बाकीची रूपे नोंदवलेली आहेत. देवनागरीत लिहिताना तीन गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. तारांकित रूपांतले ओ आणि ए र्‍हस्व समजावेत. 'फ़' म्हणजे दोन्ही ओठ जवळ आणून सोडलेला घर्षक आवाज. वेल्श भाषेतला घोषहीन ल आपल्या 'ल्हान'मधल्या ल्हच्या जवळचा असल्याने तो ल्ह असा लिहिला आहे. आद्य-भारोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, केल्टिक या सर्वांची पुनर्रचित मूळ भाषा; तिच्यात तीन कंठ्य व्यंजने (लॅरिंजियल, आपल्या क-वर्गातली नव्हेत) मानली जातात. इथे त्यांतल्या दुसऱ्याशी काम आहे आणि ते ह२ असे लिहिले आहे. स्वरासारख्या ल् साठी ऌ हे चिन्ह आपल्याकडे आयतेच आहे.

हाती काय आहे

जुन्या आयरिशमध्ये 'रुंद' या अर्थाचे विशेषण लेथन असे आहे (थ घर्षक, जिभेचे टोक दातांशी नेऊन काढलेला). आजच्या आयरिशमध्ये त्याच थचा ह झाला आहे. वेल्शमध्ये ल्हदन आहे, कॉर्निश आणि ब्रेतॉनमध्ये लेदन. हे झाले जिवंत शाखांचे पुरावे. त्यांच्यापेक्षा हजारभर वर्षांनी जुना पुरावा गॉलिश, म्हणजे प्राचीन गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतल्या, नावांत सापडतो. इ.स.पू. २१६ मध्ये बोयी या गॉल टोळीने उत्तर इटलीतल्या एका अरण्यात रोमन सैन्य कापून काढले आणि पुढच्या वर्षासाठी निवडून आलेला कॉन्सल लुकियुस पोस्टुमियुस आल्बिनुस तिथेच मारला गेला. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की त्या अफाट अरण्याला गॉल लोक लिताना म्हणत. आजच्या उत्तर फ्रान्समध्ये, सेन्लीस आणि बोवे यांच्या दरम्यान, लितानोब्रिगा नावाचे ठिकाण रोमन मार्गसूचीत नोंदवलेले आहे. उत्तरपद 'ब्रिगा' म्हणजे टेकडी, तटबंदीची उंच जागा. स्मेर्तुलितानुस हे पुरुषनामही मिळते.

प्रश्न दोन. हे शब्द कोणत्या एका रूपातून आले, आणि ते रूप विभक्त्यांत कसे चालत असे? दोन्ही उत्तरे मिळवताना एकच शिस्त पाळावी लागते: कोणत्याही साक्षीदाराला त्याला ठाऊक नसलेली गोष्ट विचारायची नाही. आयरिश शब्द पहिल्या स्वराबद्दल दिशाभूल करतो, वेल्श शब्द दुसऱ्या स्वराबद्दल पक्के सांगतो, आणि गॉलिश नावे लॅटिन पोशाखात आल्याने शेवटाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

पहिला स्वर: इ की ए

नुसते आयरिश आणि ब्रेतॉन पाहिले तर *लेतनोस् अशी पुनर्रचना करण्याचा मोह होतो. ती चूक ठरते. आयरिशमध्ये पुढच्या अक्षरात अ किंवा ओ असेल तर आधीचा र्‍हस्व इ खाली सरकून ए होतो. *विरोस् 'पुरुष' याचा फ़ेर होतो तो याच नियमाने. त्यामुळे लेथनमधला ए मूळचा ए असू शकतो किंवा मूळचा इ. ब्रेतॉनही मदत करत नाही, कारण तिथे जुना र्‍हस्व इ बहुतेकदा ए होतोच: वेल्श अनिस 'बेट', ब्रेतॉन एनेझ.

वेल्शमध्ये ए टिकतो. ल्हदनमध्ये मात्र पहिल्या अक्षरात आपल्या असारखा उच्चार होतो, आणि शब्दाच्या अंत्याआधीच्या अक्षरात हा उच्चार मूळच्या र्‍हस्व इपासून किंवा र्‍हस्व उपासून येतो. म्हणजे वेल्शने ए बाद केला. आयरिशने उ बाद केला, कारण अ समोर उ असता तर त्याचा ओ झाला असता. उरला इ, आणि गॉलिश लिताना त्याला दुजोरा देते. तिन्ही साक्षी एकत्र केल्या तरच हा निर्णय पक्का होतो.

दुसऱ्या अक्षरातला अ र्‍हस्व की दीर्घ हेही वेल्शच सांगते. दीर्घ आ वेल्शमध्ये आउ होतो आणि अनाघात अंत्य अक्षरात पुढे ओ होतो. दीर्घ असता तर आज 'ल्हदोन'सारखे रूप दिसले असते. ल्हदन आहे, म्हणून स्वर र्‍हस्व. लॅटिन ग्रंथांतल्या लितानावरून ही मात्रा ठरवता येत नाही. देवनागरीत ते नाव दीर्घ लिहायची सवय आहे एवढेच.

सुरुवातीचा प गेला कुठे

या धातूची इतर शाखांतली रूपे आपल्या ओळखीची आहेत. संस्कृत पृथु, अवेस्ती परथु, ग्रीक प्लातुस्, लिथुआनियन प्लातुस्, सगळ्यांचा अर्थ रुंद, विस्तीर्ण. केल्टिकमध्ये मूळ प गळतो, हा त्या कुळाचा सर्वांत ठळक ओळखीचा नियम आहे. संस्कृत पिता, लॅटिन पातेर, पण जुने आयरिश अथिर. संस्कृत पूर्ण, पण आयरिश लान, वेल्श ल्हाउन.

प एका उडीत नाहीसा झालेला नाही. आधी त्याचा घर्षक फ़ झाला आणि नंतर तो विरला. उत्तर इटलीतल्या लेपोंटिक या प्राचीन केल्टिक भाषेच्या लेखांत 'उवमोकोझिस्' या नावातला पहिला भाग *उपमोस् 'सर्वोच्च' याच्याशी जुळतो, म्हणजे तिथे मधल्या पची खूण व रूपात अजून दिसते. म्हणून आद्य-केल्टिक पातळीवर *फ़्लितनोस् असे लिहिणे आम्हाला अधिक योग्य वाटते. काही कोशांत फ़ न लिहिता *लितनोस् दिलेले असते. दोन्हींत मतभेद शब्दाबद्दल नाही, फ़ नेमका कधी गेला याबद्दल आहे. कोश वापरताना हे लक्षात ठेवले नाही तर एकच नोंद दोन ठिकाणी शोधावी लागते.

इथेच सर्वांत जास्त फसवणारा शब्द समोर येतो: लॅटिन लातुस् 'रुंद'. ल, त, अर्थ, सगळे जुळते. पण लॅटिनमध्ये प गळत नाही. या धातूपासून आलेल्या लॅटिन शब्दाच्या सुरुवातीला प्ल् दिसायलाच हवा. शिवाय जुन्या लॅटिनमध्ये रुंद बांध्याच्या नौकेला स्त्लाता म्हणत, आणि त्यावरून लातुस्च्या आधी स्त्ल् होते हे दिसते. म्हणजे केल्टिकने प गमावला, लॅटिनने स्त् गमावला, आणि उरलेले दोन अवशेष योगायोगाने सारखे दिसू लागले. ग्रीकमधले प्लातानोस् हे चिनारजातीच्या झाडाचे नावही असेच खुणावते, कारण त्यात -आनोस् आयते आहे. पण होमरकडे त्या झाडाचे रूप प्लातानिस्तोस् आहे. तेव्हा ते केल्टिक विशेषणाचे जुळे भावंड म्हणून पुढे करू नये.

थ हा थ नव्हे

मराठी वाचकासाठी या प्रकरणातला सर्वांत मोठा सापळा इथे आहे. देवनागरीत पृथु आणि लेथन शेजारी लिहिले की दोन्हींत थ दिसतो आणि संबंध सिद्ध झाल्यासारखा वाटतो. संबंध खरा आहे, पण तो थमुळे नाही.

संस्कृतमधला थ हा त् आणि त्याच्या पुढचे ह२ मिळून झाला आहे. आयरिशमधला थ दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या कोणत्याही तचा होतो. पडताळा सोपा आहे: संस्कृत पितामध्ये साधा त आहे, तरी आयरिश अथिरमध्ये थ आहेच. आयरिश थवरून मूळ महाप्राण सिद्ध करता येत नाही.

मग ह२ केल्टिकमध्ये कुठे आहे? दोन व्यंजनांच्या मध्ये सापडल्यावर केल्टिकमध्ये त्याचा अ झाला. *फ़्लितनोस् मधला दुसरा स्वर, तो र्‍हस्व अ, म्हणजेच ते कंठ्य. नांगराच्या शब्दात हेच घडलेले दिसते: आयरिश अरथर, वेल्श अरद्र, दोन्ही *अरत्रोम् पासून, आणि त्यातला मधला अ मूळच्या कंठ्याचा (तिथे तिसऱ्या) आहे. तेव्हा जो ध्वनी संस्कृतने तमध्ये मुरवून थ केला, तोच केल्टिकने वेगळा स्वर म्हणून राखला.

आता पूर्ण वाट मांडता येते. आरंभरूप *पॢत्-ह२-नोस्. ह२चा अ झाला: *पॢतनोस्. ऌच्या पुढे स्पर्श व्यंजन असल्याने तिचा लि झाला: *प्लितनोस्. पचा फ़ झाला: *फ़्लितनोस्. शेवटी फ़ गेला: *लितनोस्. पहिल्या तीन पायऱ्यांचा आपसातला क्रम या शब्दावरून ठरत नाही, कारण कोणतीही आधी घेतली तरी फलित तेच येते. मांडणीत क्रम द्यावाच लागतो म्हणून तो दिला आहे. त्यावर कालगणना उभारू नये.

ऋ-ऌचा नियम वेगळा सांगायला हवा, कारण इथे चुका फार होतात. केल्टिकमध्ये स्पर्श व्यंजनापूर्वी आणि म् पूर्वी ऋ, ऌ यांचे रि, लि होतात. 'उतार, नदी ओलांडायची जागा' या अर्थाचा *पृतुस् घ्या: वेल्श ऱ्हीद, आणि लिमोज शहराचे जुने नाव औगुस्तोरितुम. संस्कृत कृमि, तर वेल्श प्रीव 'किडा'. पण पुढे व् असेल तर अर, अल होतात: *मृवोस् 'मृत' याचे आयरिश मर्व, वेल्श मारू. आणि ऌच्या लगेच पुढे कंठ्य आले तर निकाल तिसराच: 'पूर्ण'चे मूळ *पॢह१नोस्, त्याचे केल्टिक *फ़्लानोस्. *फ़्लानोस् आणि *फ़्लितनोस् शेजारी ठेवले की कंठ्य ऌला चिकटले आहे की मध्ये त् आहे, एवढ्याने किती फरक पडतो ते स्पष्ट दिसते. विद्यार्थ्यांना आम्ही हीच जोडी आधी सोडवायला देऊ.

पृथु उकारान्त, मग केल्टिकमध्ये -नो- का

संस्कृत, ग्रीक, लिथुआनियन, तिन्हींत हे विशेषण उकारान्त आहे. केल्टिक एकटी -नो- प्रत्यय लावते. केल्टिकला उकारान्त विशेषणे चालत नव्हती असे म्हणता येत नाही, कारण 'जाड' या अर्थाचे *तेगुस् (आयरिश तिउग, वेल्श तेउ) उकारान्तच आहे.

केल्टिकमध्ये उकारान्त रूप कधीकाळी होते याचा पुरावा मात्र आहे, आणि तो फार सुंदर आहे. *पॢत्ह२उस् चे स्त्रीलिंगी रूप *पॢत्ह२वी, म्हणजे 'विस्तीर्ण असलेली'. संस्कृतमध्ये ते पृथिवी (मधला इ म्हणजे पुन्हा तेच ह२), ग्रीकमध्ये प्लाताइया हे नगराचे नाव, आणि केल्टिकमध्ये *फ़्लितवी. बर्गंडीतल्या मालाँ गावी सापडलेल्या लेखांत मार्स किकोल्लुइस या देवाच्या जोडीला लितावी देवीचे नाव आहे. इ.स.पू. ५२ मध्ये सीझरच्या काळात हेदुई या गॉल टोळीचा जो प्रमुख होता त्याचे नाव कोन्विक्तोलितावीस. वेल्शमध्ये ल्हदौ हे आजही ब्रिटनी प्रांताचे नाव आहे, आणि जुन्या आयरिशमधले लेथा हे त्याचेच भावंड.

म्हणजे आपण रोज ज्या शब्दाने पृथ्वी म्हणतो, तो केल्टिकमध्ये भूमीचे आणि प्रदेशाचे नाव म्हणून गोठून राहिला. विशेषण नवीन प्रत्यय घेऊन पुढे गेले, नाव मात्र जुन्या साच्यातच राहिले. -नो- प्रत्यय केल्टिकच्या हद्दीतच लागला असावा असे मानण्याला हा सर्वांत बळकट आधार आहे. 'पूर्ण'सारख्या जुन्या -नो- विशेषणांचा नमुना समोर होताच. मराठीत प्रथा, पृथुल हे याच धातूचे शब्द आहेत. प्रथम मात्र नाही. तो 'प्र'वरून आला आहे आणि इथे ओढू नये.

विभक्तिरूपे

पुल्लिंग आणि नपुंसकलिंग ओकारान्त (संस्कृतच्या अकारान्ताशी समांतर), स्त्रीलिंग आकारान्त.

पुल्लिंग एकवचन: प्रथमा *फ़्लितनोस्, संबोधन *फ़्लितने, द्वितीया *फ़्लितनोम्, तृतीया *फ़्लितनू, चतुर्थी *फ़्लितनूइ, षष्ठी *फ़्लितनी.
पुल्लिंग अनेकवचन: प्रथमा *फ़्लितनोइ, द्वितीया *फ़्लितनूस्, तृतीया *फ़्लितनूइस्, चतुर्थी *फ़्लितनोबोस्, षष्ठी *फ़्लितनोम्.
स्त्रीलिंग एकवचन: प्रथमा *फ़्लितना, द्वितीया *फ़्लितनम्, चतुर्थी *फ़्लितनाइ, षष्ठी *फ़्लितनास्.
स्त्रीलिंग अनेकवचन: प्रथमा आणि द्वितीया *फ़्लितनास्, तृतीया *फ़्लितनाबिस्, चतुर्थी *फ़्लितनाबोस्.
नपुंसकलिंगाची प्रथमा आणि द्वितीया एकवचनात *फ़्लितनोम्, अनेकवचनात *फ़्लितना, बाकी पुल्लिंगाप्रमाणे.

या रकान्यांतली प्रत्येक जागा सारख्या बळाची नाही. द्वितीयेतला म् केल्टिबेरियन (प्राचीन स्पेनमधली केल्टिक भाषा) लेखांत म् म्हणूनच राहिला आहे, तर गॉलिशमध्ये त्याचा न् झाला (व्हेझाँच्या लेखातले नेमेतोन् 'पवित्र स्थान'). तेव्हा मूळ म्. चतुर्थी एकवचनाचे -ऊइ केल्टिबेरियन, लेपोंटिक आणि गॉलिश अशा तिघांत दिसते. दीर्घ ओ अंत्य अक्षरात ऊ होतो हा केल्टिकचा नियम त्यामागे आहे, आणि द्वितीया अनेकवचनातला ऊही तसाच. स्त्रीलिंगी चतुर्थी अनेकवचनासाठी तर थेट विशेषणाचाच पुरावा आहे. नीम शहरात ग्रीक लिपीत कोरलेल्या 'मात्रेबो नमाउसिकाबो', 'नीमच्या मातांना', या अर्पणात नाम आणि विशेषण दोन्ही चतुर्थीत आहेत, फक्त शेवटचा स् गळला आहे. आपल्या -भ्यस् चा हा नातेवाईक.

षष्ठी एकवचनापाशी थांबावे लागते. गॉलिशमध्ये -ई आहे, आयरिश ओघम लिपीतल्या दगडांवर मक्वी 'मुलाचा' असे -ईच आहे. पण केल्टिबेरियनमध्ये षष्ठीला -ओ लागतो. केल्टिबेरियन ही लवकर वेगळी झालेली शाखा असल्याने, -ई सगळ्या केल्टिकचा सामाईक प्रत्यय होता असे छातीठोक म्हणता येत नाही. वरची *फ़्लितनी ही नोंद म्हणून गॉलिश आणि आयरिश-ब्रिटिश गटापुरती धरावी. षष्ठी अनेकवचनातही असाच तिढा आहे: केल्टिबेरियनमधल्या कुळनावांत -उम् दिसतो, जो दीर्घ -ओम् पासून सरळ येतो, तर आयरिश फ़ेर 'पुरुषांचा' यातला ए पुढे र्‍हस्व ओ असल्याशिवाय निघत नाही. इथे आम्ही र्‍हस्व रूप लिहिले आहे, पण केल्टिबेरियनसाठी तक्ता करताना ते बदलावे. स्त्रीलिंगी षष्ठीबद्दल उलट परिस्थिती: केल्टिबेरियन आणि जुने गॉलिश -आस् दाखवतात, तर आयरिश आणि उत्तरकालीन गॉलिशमध्ये ईकारान्त नामांवरून आलेला -यास् शिरला आहे. तो मूळ तक्त्यात घालू नये.

द्विवचन आम्ही मुद्दाम वगळले आहे. जुन्या आयरिशमध्ये नामांना द्विवचन आहे, विशेषणे मात्र अनेकवचनाचेच रूप वापरतात, म्हणून विशेषणासाठी थेट साक्ष नाही.

शेवट झडून गेल्यावरही या रूपांचे ठसे उरले आहेत. *फ़्लितनोइ मधला ओइ पुढे ई झाला आणि गळण्यापूर्वी त्याने आधीच्या स्वराला ओढले: वेल्श अनेकवचन ल्हदाइन. स्त्रीलिंगी *फ़्लितनास् पासून आयरिशमध्ये लेथ्ना झाले. त्यात मधला स्वर लोपला, कारण आयरिशमध्ये अंत्य अक्षर टिकले की दुसऱ्या अक्षरातला स्वर जातो. एकवचनात शेवट संपूर्ण गळल्याने दुसरा स्वर वाचला, म्हणून लेथन. एकाच शब्दाच्या दोन रूपांत कधी अ आहे आणि कधी नाही, याचे कारण एवढेच.

वेल्शमध्ये पांढऱ्यासाठी पुल्लिंगी ग्विन, स्त्रीलिंगी ग्वेन अशी दोन रूपे आहेत, मग ल्हदनची अशी जोडी का नाही? स्त्रीलिंगाचा अंत्य आ आपल्या लगतच्या आधीच्या अक्षरातल्या इ-उंना खाली ओढतो. *विन्दा मध्ये ते अक्षर वि आहे, म्हणून ग्वेन. *लितना मध्ये लगतचे अक्षर त आहे आणि त्यात आधीच अ, तेव्हा ओढायला काही नाही, आणि लि एक अक्षर दूर राहतो.

तर-तम

तुलनारूपांत -नो- प्रत्यय दिसतच नाही. जुन्या आयरिशमध्ये 'अधिक रुंद' म्हणजे लेथा (अंत्य स्वर र्‍हस्व), मध्ययुगीन वेल्शमध्ये ल्हेत. दोन्ही *फ़्लेत- या पूर्ण श्रेणीच्या (धातूचा ए स्वर राखणाऱ्या) धातूवर उभी आहेत, *फ़्लित- या क्षीण श्रेणीवर (जिथे तो स्वर गळतो) नाहीत. संस्कृतमध्ये हेच: पृथु, पण प्रथीयस् आणि प्रथिष्ठ, उ गळला आणि ऋच्या जागी र आला. आयरिश लेथन आणि लेथा यांत हा भेद ऐकू येत नाही, कारण लेथनमधला इ खाली सरकून ए झाला आहे. वेल्शमध्ये ल्हदन आणि ल्हेत समोरासमोर ठेवताच दोन श्रेण्या वेगळ्या दिसतात. नामातही तीच पूर्ण श्रेणी आहे: संस्कृत प्रथस् 'विस्तार', वेल्श ल्हेद 'रुंदी', आणि आयरिश लेथ, ज्याचा अर्थ 'बाजू' असा झाला आणि त्यावरून 'अर्धा भाग'.

तमभावाचा केल्टिक प्रत्यय *-इसमोस्. 'वृद्ध' याचे *सेनोस् घेतले तर *सेनिसमोस् पासून आयरिश सिनेम, वेल्श हनव्. आपल्या शब्दासाठी *फ़्लेतिसमोस्. वेल्शमध्ये त्याचे ल्हेतव् होते आणि नामातल्या ल्हेदचा द इथे त दिसतो. प्रत्ययातला स् वेल्शमध्ये आधी ह झाला, द आणि ह जवळ आल्यावर द घोष गमावून त झाला, आणि मग ह नाहीसा झाला. 'इतका रुंद' या अर्थाच्या ल्हेतेद मध्ये तोच त आहे, आणि आजचे तुलनारूप ल्हेतख़ हे त्याच त वर नंतर बांधलेले आहे. म्हणून ल्हेतख़ वरून मूळ तुलनाप्रत्यय शोधू नये. त्यासाठी जुने, प्रत्ययाविना उरलेले ल्हेत घ्यावे.